पावनखिंडीचा पाईक उभा करताना

शिवकाळातली लढाई उभी करायची म्हटली की दहाजणांच्या गटात नऊजणांना सरदार व्हायचं असतं. जरीचा अंगरखा, पगडीला मोत्यांची लड, कमरेला लखलखती तलवार. मग खिंडीत नऊ सरदार आणि एक पाईक, म्हणजे पायदळातला साधा शिपाई, असा प्रकार होतो. म्हणून इथे तयारी सांगितली आहे ती एकाच माणसाची. जुलै १६६० मध्ये भर पावसात पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेला, बांदल देशमुखांच्या तुकडीतला साधा मावळा. तो नीट उभा राहिला तर सरदार उभा करायला फक्त जास्त पैसे लागतात.

पैसे आणि वेळ या क्रमाने घाला: आधी कापड, मग पाय, मग पाऊस, मग ढाल आणि सगळ्यात शेवटी तलवार. बहुतेक गट नेमके उलटे जातात. पहिल्याच महिन्यात तलवारी येतात, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री कुर्ते शोधले जातात, आणि फोटोत तलवारीखाली जीन्सची शिवण दिसते.

साल आधी ठरवा

‘शिवकाळ’ हे साल नाही. १६६० च्या माणसाच्या डोक्यावर पेशवाईतली बांधीव पगडी चालत नाही, आणि पुणेरी पगडी तर फार नंतरची. वाई-मेणवलीची भित्तिचित्रंही शतकभराने पुढची आहेत, त्यांच्यावरून मावळ्याचे कपडे शिवू नका. जवळचा आधार हवा असेल तर मनुची या इटालियन प्रवाशाने मीर महंमद या चित्रकाराकडून काढून घेतलेलं शिवाजी महाराजांचं चित्र पाहा. महाराज घोड्यावर आहेत आणि सोबत पायी चालणारी शस्त्रधारी माणसं आहेत. मूळ चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, छायाचित्रं सहज मिळतात. त्यातल्या महाराजांकडे नंतर बघा, आधी पायी चालणाऱ्यांचं पागोटं, कमर आणि पाय बघा.

गटाचा आकारही काळातूनच घ्या. सभासद बखरीत पायदळाची जी रचना दिली आहे तीत नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, त्यावर जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी. दहाजणांचा गट म्हणजे पुरी एक नाइकी. एवढी माणसं दोन गाड्यांत मावतात, नाइकाचा आवाज सगळ्यांपर्यंत पोचतो आणि सरावाला शाळेचं एक मैदान पुरतं. पन्नासांची स्वप्नं नंतर बघावीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका. समोरच्या बाजूला कोण? सिद्दी जौहरच्या फौजेत कुणीतरी उभं राहावंच लागतं. आदिलशाही फौज म्हणजे सगळे हिरव्या सॅटिनच्या झग्यातले, हे नाटक कंपनीचं काम झालं. त्या फौजेतही मराठे होते, आणि दख्खनी शिपायाचं कापड दोन्हीकडे जवळपास सारखंच. प्रेक्षकाला फरक कळावा म्हणून शेल्याचा रंग वेगळा ठेवा, तेवढं पुरतं. अंगरख्याचे बंद मराठ्यांचे डाव्या बगलेत आणि मुसलमानांचे उजव्या, ही खूण जवळून पाहणाऱ्यासाठी. महाराजांची भूमिका शक्यतो कुणाला देऊच नका. त्यात अभिनय, दिसणं, लोकांच्या भावना असं सगळं अंगावर येतं आणि पाइकाची गोष्ट बाजूला पडते.

कापड

पॉलिएस्टर नको, याचं पहिलं कारण इतिहास नव्हे, मशाल आहे. ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडतं किंवा ते पेटतं, आणि झटकून विझवता येतं. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी कडेचे चार धागे काढून काडी लावून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटाने चुरडली जाणारी राख उरते. टोकाला कडक मणी झाला तर ते कापड सोडून द्या.

मांजरपाट किंवा जाड खादी घ्या. ३६ इंच पन्ह्याचा हिशोब एका मध्यम बांध्याच्या माणसासाठी असा: बाराबंदीला अडीच मीटर आणि बंदांसाठी अर्धा मीटर, चोळण्याला (तंग तुमानीला) दोन मीटर, मुंडाशाला सहा मीटर मलमल, शेल्याला साडेचार मीटर. एकूण साडेपंधरा मीटर. कापण्याआधी बाराबंदीचं आणि चोळण्याचं कापड रात्रभर पाण्यात घालून वाळवा. खादी मीटरमागे पाच-सात सेंटीमीटर आटते. आधी शिवून मग धुतलेली बाराबंदी पुढच्या माणसाला द्यावी लागते.

बाराबंदीत शिंपी हटकून एक चूक करतो. तो ती कुर्त्यासारखी बेततो, बगलेत कळी (हात मोकळा हलावा म्हणून जोडलेला जादा तुकडा) घालत नाही. हात खाली असताना सगळं छान दिसतं. वार करायला हात डोक्यावर गेला की अख्खी बाराबंदी वर ओढली जाते आणि दहाव्या-बाराव्या वाराला बगल उसवते. बगलेत १२ ते १५ सेंटीमीटरची चौकोनी कळी तिरकी घालायला सांगा, आणि माप देताना हात वर करून पाठीचं माप घ्यायला लावा. बंद बारा, म्हणजे सहा जोड्या. प्रत्येक बंद एक बोट रुंद आणि वीतभर लांब, टोकं आत दुमडून शिवलेली. बटण, हुक, चेन यांपैकी काहीही नको. वेल्क्रो तर नकोच. लढाईत बाराबंदी उघडताना ‘चर्र’ आवाज झाला की प्रेक्षक हसतात.

चोळणा गुडघ्याखाली चार बोटं, पोटरीवर तंग. आसनात इथेही कळी हवी, कारण पवित्रा घेताना पाय फाकतात. कमरेला इलॅस्टिक नको, नाडी घाला.

रंग म्हणाल तर दहातले पाच-सहा जण कोऱ्या मांजरपाटातच ठेवा. बाकीच्यांना करडा आणि विटका तांबडा. करड्यासाठी किलोभर कापडाला १५० ते २०० ग्रॅम हिरडापूड गरम पाण्यात कालवून कापड तासभर भिजवा आणि वाळवा. मग लोखंडाच्या पाण्यात पाच मिनिटं फिरवा. हे पाणी आधी करून ठेवावं लागतं: मूठभर गंजके खिळे, १०० ग्रॅम गूळ, दोन लिटर पाणी, वर फडकं बांधून दहा-पंधरा दिवस. कापड डोळ्यांदेखत करडं होतं, अजून ठेवलं तर काळपट. जास्त वेळ ठेवू नका. लोह सुताला खातं आणि दोन वर्षांत कापड हाताने फाटायला लागतं. तांबड्यासाठी किलोला १५० ग्रॅम तुरटीत कापड उकळून घ्या, मग ४०० ग्रॅम मंजिष्ठाच्या पाण्यात तासभर, मंद आचेवर. पाण्याला खळखळ उकळी फुटली की तांबडा जाऊन तपकिरी येतो. हळदीच्या नादाला लागू नका. ती उन्हात उडते आणि पावसात शेजाऱ्याच्या पाठीवर उतरते.

मुंडासं

बाजारातली शिवलेली, टोपीसारखी घालायची ‘मावळा पगडी’ दहा पावलांवरून ओळखू येते. दहाही डोक्यांवर एकच घडी, एकच कोन. हाताने बांधलेलं मुंडासं प्रत्येकाचं वेगळं दिसतं, आणि खरेपणाचं निम्मं काम तिथेच होतं.

सहा मीटर मलमल लांबीत तिपदरी करा. फूटभर रुंद पट्टा होतो. कापडावर पाण्याचा हबका मारा. कोरडी, खळ असलेली मलमल घसरते. एका टोकाला हातभर शेमला, म्हणजे मोकळा पदर, सोडा आणि तो दातांत धरा. पहिला वेढा बिनपिळाचा, सपाट. पुढून भुवयांच्या दोन बोटं वर, बाजूने कानाचं वरचं टोक झाकून, आणि मागून कवटीच्या उंचवट्याच्या खाली. हा मागचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. उंचवट्याच्या वरून वेढा गेला तर मुंडासं नारळावरून सुतळी सुटावी तसं वर सरकत जातं, आणि मग कितीही घट्ट बांधा, धावताना सुटणारच. दुसऱ्या वेढ्यापासून कापडाला पीळ द्या, एका वेढ्याला तीन-चार. एक वेढा कपाळावर डावीकडून वर चढता, पुढचा उजवीकडून. म्हणजे समोर फुली पडत जाते. सहा-सात वेढे होतात. शेवटचं टोक मागच्या बाजूला पहिल्या सपाट वेढ्याखाली वरून खाली खोचा. आता दातांतला शेमला सोडा आणि मागे टाका.

मग वाका, डोकं झटका, वीस मीटर धावा आणि परत या. सुटलं तर पुन्हा बांधा. पाचव्या-सहाव्या वेळी हात बसतो. टाचणी लावू नका, पडल्यावर ती टाळूत जाते. आणि मुंडासं म्हणजे शिरस्त्राण नव्हे. ते ऊन आणि पाऊस थोपवतं, काठीचा फटका नाही. सरावात डोक्यावर वार वर्ज्य, तो त्यासाठीच.

पायताण

पायात कोल्हापुरी, साधी, गोंड्याविना आणि जरीविना. नवी वहाण तीन दिवस आधी एरंडेल लावून ठेवा, मग घरात रोज तासभर घाला. मोहिमेआधी किमान वीस किलोमीटर त्याच वहाणेत चाललेलं असलं पाहिजे, आणि एकदम नाही, चार-पाच वेळा मिळून. अंगठ्याच्या बेचक्यात येणारा फोड पहिल्या पाच किलोमीटरमध्येच येतो.

नुसत्या चपलेत धावता येत नाही, ती पायातून उडते. टाचेमागून चामड्याची वादी काढून घोट्यावर बांधा. पावसाचं म्हणाल तर कोल्हापुरीत खिळे नसतात, शिवण चामड्याच्याच वादीची असते. भिजली की वादी फुगून सैल पडते आणि तळाचे थर सुटायला लागतात. चांभाराकडून तळाला तीन-चार मिलिमीटर टायरचं रबर लावून कडा तासून घ्या. वरून दिसत नाही आणि ओल्या काळ्या दगडावर पाय धरतो. दोन वाद्या आणि एक दाभण शेल्यात असू द्या.

आमचं मत स्पष्ट आहे. म्हसाई पठारापासून पांढरेपाण्यापर्यंतची चाल जुलैत करणार असाल तर चालताना बूट घाला, सादरीकरणाआधी वहाणा चढवा. शेवाळावर घसरून घोटा मोडला तर त्यातून इतिहास काही सिद्ध होत नाही.

घोंगडी

सादरीकरण जुलैतलं आणि दहाजण कोरडे ठणठणीत, हे दिसायलाच खोटं वाटतं. पावसाची तयारी वेषातच हवी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली काळी घोंगडी घ्या. हातात घेतल्यावर ती टोचली पाहिजे आणि उभी धरली तर थोडी ताठ राहिली पाहिजे. मऊ, गुळगुळीत असेल तर त्यात ॲक्रिलिक आहे. तिलाही काडीची परीक्षा लावा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो.

खोळ करायला घोंगडी लांबीत मधोमध दुमडा, एका टोकाच्या दोन्ही कडा वीतभर शिवून जोडा. शिवलेलं टोक डोक्यावर, दुमड पाठीच्या कण्यावर, दोन्ही पदर खांद्यावरून पुढे. हात मोकळे राहतात. दोन-तीन तास पाऊस बाहेरच थांबतो, मग लोकर पाणी धरते आणि वजन दुप्पट होतं. लढाईच्या प्रसंगाआधी खोळ फेकायची, हे कोरिओग्राफीतच बसवा. ओल्या घोंगडीत वार करता येत नाही. धुताना फक्त थंड पाणी. गरम पाण्याने ती आटून आसनपट्टी होते.

ढाल, घमेल्यावरची

जुनी चांगली ढाल गेंड्याच्या कातड्याची असे. तो विषय वन्यजीव कायद्याने १९७२ मध्येच संपवला आहे. म्हशीचं कातडं घ्या, बिलासह. टॅनरीत मागताना शब्द नीट वापरा: चुन्याने केस काढलेलं, पण न कमावलेलं, कच्चं, चार-पाच मिलिमीटर जाड. ‘ढालीसाठी लेदर’ मागितलं की कमावलेलं देतात. ते साच्यावर बसतं, वाळतं आणि साच्यावरून काढलं की पिशवीसारखं लोळतं. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

साचा म्हणून बांधकामावरचं प्लॅस्टिकचं घमेलं उत्तम, तोंडाशी साधारण ४५ सेंटीमीटर. लोखंडी नको, त्याचे काळे डाग कातड्यात मुरतात. ६५ सेंटीमीटर चौरस तुकडा २४ ते ३६ तास पाण्यात ठेवा, पाणी दोनदा बदला. मीठ लावलेलं असेल तर आधी तीन-चारदा धुवा. कातडं बुळबुळीत आणि पडद्यासारखं झालं की कडेपासून तीन सेंटीमीटर आत, पाच-पाच सेंटीमीटरवर भोकं पाडा. पालथ्या घमेल्यावर पसरा, खालून नायलॉनची दोरी समोरासमोरच्या भोकांतून ओवत जा, ढोल आवळतात तशी. मध्यापासून कडेकडे तळहाताने दाबत हवा काढा. पहिल्या सहा तासांत दोरी तीनदा पुन्हा आवळावी लागते, कारण कातडं सैल पडतं. हे विसरलं तर ढालीवर सुरकुत्या येतात आणि त्या मग जात नाहीत.

सावलीत, पंख्याखाली, पाच ते सात दिवस. उन्हात वाळवलं तर वरचा थर आधी आखडतो आणि तडा जातो. पावसाळ्यात करायला घेतलं तर वाळण्याआधीच सडतं, आणि तो वास सोसायटीत कुणी सहन करत नाही. जुलैच्या मोहिमेची ढाल जानेवारी ते एप्रिलमध्येच करा. वाळताना कुत्र्यापासून सांभाळा. त्याच्या दृष्टीने ती ढाल नाही.

टिचकी मारल्यावर लाकडासारखा आवाज आला की वाळली. कडा हॅकसॉने कापा, दोन सेंटीमीटरचा बाहेर वळलेला ओठ राहू द्या. आता चार पितळी फुलं. मध्यबिंदूभोवती १२ सेंटीमीटरच्या चौकोनाचे चार कोपरे, प्रत्येकात एक बोल्ट, बाहेर फूल आणि आत कडी. वरच्या-खालच्या कड्यांत एकेक चामडी पट्टी, अडीच सेंटीमीटर रुंद. दोन्ही पट्ट्या एकाच मुठीत धरायच्या असतात. मुठीच्या मागे, कातड्याला लागून, दहा सेंटीमीटरची कापूस ठासलेली गादी शिवा. गादी नसेल तर ढालीवर पडलेला प्रत्येक फटका बोटांच्या सांध्यांवर येतो, आणि दुसऱ्या दिवशी माणूस सरावाला येत नाही.

शेवटी रोगण. लिटरभर स्पिरिटमध्ये २०० ग्रॅम चपडी (लाख) रात्रभर विरघळू द्या, त्यात काजळी मिसळा, चार-पाच पातळ हात द्या, दोन हातांमध्ये दोन तास. उघड्यावर करा आणि विडी-सिगारेट लांब ठेवा. आतली बाजू आणि बोल्टांची भोकं विसरू नका. पाणी तिथूनच शिरतं आणि ढाल भिजल्या पापडासारखी होते. एवढं करूनही दिवसभराच्या मुसळधार पावसात कच्चं कातडं टिकत नाही. लांब चालीला १.२ मिलिमीटर पत्र्याची, काळ्या रंगाची ढाल घ्या. ४५ सेंटीमीटरला ती दीड किलोच्या आसपास भरते. १.६ मिलिमीटर पत्रा घेतला की दोन किलो होते, आणि अर्ध्या तासात डावा हात कमरेपर्यंत खाली येतो.

तलवार, आणि त्याआधी पोलीस

तलवार, खंजीर, भाला ही नावं शस्त्र नियमांच्या यादीतच आहेत. १९५९ चा शस्त्र अधिनियम खेळण्याला सूट देतो, पण ज्याचं खऱ्या शस्त्रात रूपांतर होऊच शकत नाही अशा खेळण्याला. बोथट पोलादी पात्याला धार लावता येते, त्यामुळे ‘बोथट आहे साहेब’ एवढ्यावर भागेल असं धरून चालू नका. शिवाय सण-निवडणुका-मोर्चे यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, आणि त्यात तलवारी-भाले सोडाच, लाठ्या बाळगण्यावरही बंदी येते. आदेश लागू आहे का, हे कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी पोलीस ठाण्यात विचारा. लेखी अर्जासोबत प्रत्येक प्रतिकृतीचा फोटो, लांबी, धातू आणि ती कोण बाळगणार याची यादी द्या. प्रवासात सगळं एकत्र, कापडात गुंडाळून, डिकीत. एस.टी.च्या खिडकीतून तलवार बाहेर काढून घोषणा देणारा मुलगा अख्ख्या गटाला ठाण्यात बसवतो.

म्हणून नव्या गटाने ॲल्युमिनियमपासून सुरुवात करावी. सहा मिलिमीटर जाडीची पट्टी, ८० सेंटीमीटर पातं, साडेतीन सेंटीमीटर रुंद. लोखंडी मुठीसह वजन ८०० ग्रॅमच्या आसपास येतं. कडा गोल तासलेली, कुठेही दोन मिलिमीटरपेक्षा पातळ नको. टोक एक रुपयाच्या नाण्याएवढं गोल. ॲल्युमिनियमचा दोष असा की पातं पात्यावर आपटलं की खाचा पडतात आणि खाचेची कड ब्लेडसारखी होते. प्रत्येक सरावानंतर कानशीने तासायची, नाहीतर बोथट तलवारीनेच हात कापतो.

शोभेच्या दुकानातली पोलादी तलवार घेऊन लढू नका. तिच्या मुठीत पात्याऐवजी बहुधा पेन्सिलीएवढी सळई वेल्ड केलेली असते. जोरात फिरवली की मूठ हातात राहते आणि पातं प्रेक्षकांत जातं. ओळखायची खूण सोपी आहे. मूठ धरून पात्याची सपाट बाजू लाकडावर हलकेच मारा. मुठीत टकटक झाली किंवा मनगटात झिणझिण्या आल्या तर ती भिंतीवर टांगा. पात्याचंच शेपूट, किमान दोन सेंटीमीटर रुंद, मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं आणि दोन रिव्हेटनी बसवलेलं हवं. जुन्या मुठींत ते राळेने बसवत, पण आपल्या वापराला तो जोड भरवशाचा नाही. मूठ हाताला तंग असावी, परजात, म्हणजे बोटं झाकणाऱ्या कडीत, चार बोटं जेमतेम मावतील इतकी. सैल मुठीत तलवार फिरते आणि वार सपाट बाजूने बसतो.

भाला आठ-नऊ फुटी, भरीव बांबूचा, टोकाला लाकडी किंवा रबरी फाळ. दर सरावाआधी बांबूवरून सुती फडकं फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे चीर आहे. दांडपट्टा पहिल्या वर्षी नकोच. मनगट मुठीच्या लोखंडी खोबळ्यात अडकलेलं असतं, तोल गेला तर हात सोडून जमिनीवर टेकवता येत नाही. तो उस्तादाकडूनच शिकायचा, कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यात. तोड्याची बंदूक ठेवायची असेल तर नळीत भरीव सळई ठोकलेली आणि कानाला भोक नसलेली. बारूद, फटाक्यांची दारू, ‘फक्त धुरासाठी’, यातलं काहीही नाही.

सराव

पहिले दोन महिने फरी-गदका. गदका म्हणजे चामडं चढवलेली छडी, फरी म्हणजे लहान ढाल. आखाड्यात पिढ्यान्‌पिढ्या याच्यावरच हात तयार होतो. यात आधी पवित्रे पक्के करा. पाय चुकला की वार चुकतोच.

मग जोड्या. प्रत्येक जोडीला सहा-सात वारांचा ठरलेला क्रम, त्यापेक्षा जास्त लक्षात राहत नाही. वार चार जागांवरच: दोन्ही दंड, दोन्ही मांड्या. डोकं, मान, हात-पायाचे सांधे, भोसकणं बंद. पातं अंगापासून वीतभर अलीकडे थांबतं. प्रेक्षक दहा मीटरवर असेल तर त्याला ते अंतर दिसत नाही. आधी निम्म्या वेगाने वीस वेळा, मग पाऊण वेगाने. सादरीकरणही पाऊण वेगानेच करा. पूर्ण वेगात ओल्या जमिनीवर वीतभर अंतर राखणं कुणालाच जमत नाही.

खिंडीचा प्रसंग असेल तर दहाजण एका रांगेत उभे करू नका. खिंड अरुंद असते, तोच तर मुद्दा आहे. पुढे तीन, त्यांच्यामागे फटीफटीत तीन भालेवाले, मागे बाकीचे दमलेल्यांच्या जागी यायला. दोन तलवारींमध्ये दीड मीटर. भालेवाल्यांनी फाळ पुढच्या माणसाच्या खांद्याच्या वर किंवा कमरेच्या खाली ठेवायचा. कानाच्या उंचीला आला की नाइकाने ओरडायचं. इशाऱ्याला शिट्टी नको, हलगी घ्या: संथ ठेका म्हणजे जागा धरा, जलद म्हणजे पुढे, एकच ठोका म्हणजे पुढची फळी मागे.

आणि थांबण्याचा शब्द. ‘थांबा’, ‘पुरे’, ‘मेलो’ हे लढाईच्या आरडाओरड्यात कुणीही म्हणतो, म्हणून त्यावर कुणी थांबत नाही. ‘स्टॉप’ म्हणा. १६६० च्या खिंडीत तो शब्द कुणी बोलणार नाही, त्यामुळे ऐकला की दहाही पाती जमिनीकडे जातात. प्रत्येक सरावात एकदा मुद्दाम, न सांगता वापरून बघा.

गडावर जाण्याआधी

गड कुणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा. रायगड, पन्हाळा, शिवनेरी, सिंधुदुर्ग केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे. राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी राज्याच्या संचालनालयाकडे. हे आठही गड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत आहेत. संरक्षित जागेत कार्यक्रम, चूल, मुक्काम, ड्रोन, प्रत्येकाला वेगळी लेखी परवानगी लागते, आणि ‘परवानगी आहे’ म्हणजे कोणत्या गोष्टीची, हे पत्रात वाचून घ्या. वाट वनखात्याच्या हद्दीतून जात असेल तर त्यांचं पत्र वेगळं. सोपा मार्ग म्हणजे गडाच्या पायथ्याशी, ग्रामपंचायतीच्या मैदानावर करणं. ओट्यावर गावकरी, मागे गड दिसतो, ॲम्ब्युलन्स आत येते.

मशाल फक्त मोकळ्या, ओल्या मैदानावर. जुनं सुती फडकं लोखंडी जाळीत तारेने घट्ट आवळा, करंजाच्या तेलात अर्धा तास बुडवा आणि निथळून घ्या. निथळलं नाही तर पेटतं तेल हातावर ओघळतं. दर मशालीमागे एक माणूस ओलं गोणपाट घेऊन. दिवाळीनंतर गडावरचं गवत वाळतं, तेव्हा मशाल नावालाही नको.

शिदोरीत नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, कांदा, गूळ, सुकं खोबरं. बटाटा, टोमॅटो आणि चहा १६६० च्या मावळ्याकडे नाहीत. चहा घ्याच, फक्त थर्मास गाडीत ठेवा. स्टीलचं पेलंही नको, ते विसाव्या शतकातलं. तांब्या-पितळी कल्हई केलेली न्या. चष्मा, घड्याळ, मोबाईलचा खिशातला चौकोन, मनगटावरचा जिमचा बँड, हे सगळं निघण्याआधी नाइकाने एकेकाला समोर उभं करून बघायचं.

परत आल्यावर

त्याच रात्री, दमलेले असलात तरी, ढाली कोरड्या फडक्याने पुसा. वहाणांत कागद कोंबा आणि सावलीत ठेवा. चुलीजवळ ठेवलेलं ओलं चामडं सकाळी तडकलेलं असतं. घोंगडी दोरीवर न टांगता खाटेवर आडवी पसरा, ओल्या वजनाने ती एकाच बाजूला ताणली जाते. पात्यांवरून कानस, मग लोखंडी मुठींना खोबरेल. कच्च्या कातड्याची ढाल माळ्यावर टाकू नका. छताच्या हुकाला, भिंतीपासून हातभर लांब, पातळ तारेवर लटकवा. दोरीवरून उंदीर उतरतो.